शाळेत शारीरिक शिक्षणाची मानकं पूर्ण कशी करायची: सोलापूरच्या शाळांसाठी जून ते मे आखणी

पूर्व भागात कारखान्यांच्या गल्लीत अडकलेली शाळा असो, नाहीतर मंगळवेढ्याकडची जिल्हा परिषदेची चार खोल्यांची, शारीरिक शिक्षणाचं घोडं बहुतेक वेळा एकाच जागी अडतं. वेळापत्रकात तास असतो आणि मुलं वर्गात असतात. "सर, पोर्शन राहिलाय, आजचा पीटीचा तास मला द्या की ओ," असं गणिताच्या बाई म्हणतात, सर देतात. वर्षअखेरीला मग मूल्यमापनाच्या फॉर्ममध्ये मैदान आहे, साहित्य आहे, शिक्षक आहेत, अशा तीन खुणा करून विषय संपतो.

शाळा साधारण फिट इंडियाच्या प्रमाणपत्रापासून सुरुवात करतात आणि मागे तासाकडे येतात. माझं मत नेमकं उलटं आहे. आधी तास सांभाळा, मग मुलांची चाचणी घ्या, तिच्यावरून वर्षाची आखणी करा, नोंदी ठेवा. प्रमाणपत्राचा अर्ज सगळ्यात शेवटी. या क्रमाने गेलं तर अर्ज भरायला अर्धा तास पुरतो, कारण जोडायचं सगळं आधीच तयार असतं.

आधी, कोणती मानकं?

"मानकं पूर्ण करा" असा निरोप येतो तेव्हा तीन-चार वेगळ्या गोष्टींची सरमिसळ झालेली असते.

पहिला शिक्षण हक्क कायदा, २००९. त्याच्या अनुसूचीत शाळेला खेळाचं मैदान हवं, प्रत्येक वर्गाला गरजेप्रमाणे खेळाचं साहित्य हवं, आणि सहावी ते आठवीचा पट १०० च्या वर असेल तर कला, कार्यशिक्षण आणि आरोग्य व शारीरिक शिक्षण यांसाठी अंशकालीन निदेशक हवेत, असं आहे. ही कायद्याची किमान पातळी.

दुसरी शाळासिद्धी, म्हणजे शाळेने स्वतःचं मूल्यमापन करायची राष्ट्रीय चौकट. सात क्षेत्रं आणि ४६ गाभामानकं, त्यात मैदान व क्रीडासाहित्य हे पहिल्याच क्षेत्रात येतं. इथे बारकाईने बघा: पहिल्या क्षेत्रातल्या मानकाला स्तर दोन बाजूंनी द्यायचा असतो. एक बाजू उपलब्धता आणि पर्याप्तता, दुसरी गुणवत्ता आणि उपयुक्तता. कपाटात कुलूपबंद पडलेले सहा फुटबॉल पहिल्या बाजूला तिसरा स्तर मिळवून देतील, दुसऱ्या बाजूला पहिल्याच स्तरावर ठेवतील. स्वयंमूल्यमापनात ही दुसरी बाजू प्रामाणिकपणे भरली की पुढच्या वर्षीचं काम आपोआप डोळ्यांसमोर येतं.

तिसरं फिट इंडिया. तंदुरुस्तीची ही केंद्र सरकारची चळवळ २९ ऑगस्ट २०१९ ला, राष्ट्रीय क्रीडादिनी सुरू झाली. शाळांसाठी तिच्या तीन पायऱ्या आहेत: फिट इंडिया फ्लॅग, थ्री स्टार आणि फाइव्ह स्टार. फ्लॅगसाठी शारीरिक शिक्षणाचं प्रशिक्षण घेतलेला एक शिक्षक, दोन किंवा अधिक मैदानी खेळ खेळता येतील असं मैदान, प्रत्येक तुकडीला रोज एक तास आणि प्रत्येक मुलाची दिवसाला ६० मिनिटं हालचाल, एवढं लागतं. ६० मिनिटांचा हा आकडा जागतिक आरोग्य संघटनेच्या ५ ते १७ वयोगटासाठीच्या शिफारशीशी जुळतो.

चौथा राज्याचा अभ्यासक्रम. नववी-दहावीला आरोग्य व शारीरिक शिक्षण हा श्रेणी विषय आहे. श्रेणी द्यायची म्हणजे तिच्यामागे काहीतरी नोंद हवी. शाळा सीबीएसईची असेल तर नववी ते बारावीला आरोग्य व शारीरिक शिक्षणाची वेगळी चौकट आणि रोजचा तास आहेच.

या चारही ठिकाणी मागितलेलं बरंचसं एकच आहे. म्हणून चार फायली करू नका, एकच करा.

जून: तास वाचवणे

वेळापत्रक बसतं त्या दिवशी क्रीडाशिक्षकाने, किंवा प्राथमिक शाळेत ज्या गुरुजींकडे हा विषय आहे त्यांनी, मुख्याध्यापकांशेजारी बसायलाच हवं. नंतर तक्रार करून काही होत नाही.

सकाळच्या सत्राची शाळा असेल तर पीटीचे तास पहिल्या तीनांत घ्या. दुपारच्या सत्रात शेवटच्या दोनांत. सोलापूरचं ऊन वेगळं सांगायला नको. एप्रिलमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, आणि फेब्रुवारीच्या शेवटापासूनच दुपारी बारा ते साडेतीनमध्ये मैदान वापरण्यासारखं राहत नाही. या वेळात तास बसवला तर तो फक्त कागदावर राहणार, हे जूनमध्येच ठरून जातं. पोषण आहाराची खिचडी खाल्ल्यावर लगेच धावण्याचा तास नको. मध्ये किमान एक वाचनाचा किंवा चित्रकलेचा तास असू द्या.

दुसऱ्या विषयाला तास हवाच असेल तर तो द्यायचा नाही, बदलून द्यायचा. बाईंनी आज पीटीचा तास घेतला तर त्यांचा परवाचा तास मैदानावर. बदली तासांच्या वहीत दोन्ही तारखा आणि दोघांच्या सह्या. ही एक सवय लागली की मागणाऱ्यांची संख्या आपोआप कमी होते, आणि तपासणीला विचारलं तर दाखवायला वही असते.

रोजची ६० मिनिटं एका तासात बसत नाहीत. तास पस्तीस-चाळीस मिनिटांचाच असतो. परिपाठाला जोडून दहा मिनिटं कवायत किंवा सूर्यनमस्कार, आणि मधल्या सुट्टीत दहा-पंधरा मिनिटं खुले खेळ, असं धरलं की हिशोब जुळतो. मधल्या सुट्टीत साहित्य द्यायची जबाबदारी आठवीच्या दोन मुलांकडे सोपवा, वहीत नावं लिहून घेऊन.

मैदान

टेप घ्या आणि मोजा. "मोठं आहे", "बारकं आहे" यावर काही ठरत नाही. कबड्डीला मुलींसाठी १२ बाय ८ मीटर, व्हॉलीबॉलला १८ बाय ९, खो-खोला २७ बाय १६. भोवती पडायला-थांबायला जागा सोडायची. फ्लॅगसाठी दोन मैदानी खेळ लागतात, म्हणजे ३२ बाय २० ची जागा असेल तर खो-खोच्या आत कबड्डीचं अंगण आखूनही चालतं; दोन्ही एकाच वेळी खेळायचे नाहीत एवढंच.

आपल्याकडची काळी माती पावसात पायाला चिकटते आणि मे महिन्यात भेगा पडतात. दोन्ही वेळेला घोटा मुरगळतो. गावात मुरूम मिळतो. उन्हाळ्यातच एक थर टाकून, पाणी मारून, रोलर फिरवून घ्यावा. खर्च ग्रामपंचायतीकडून किंवा लोकवर्गणीतून निघू शकतो, आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावात तो आला की कागदही होतो. मुरमातले मोठे खडे मात्र वेचून काढा, कारण निम्मी मुलं अनवाणी खेळणार आहेत. फक्कीच्या रेघा पहिल्या पावसात वाहून जातात. अंगणाच्या चारही कोपऱ्यांच्या बाहेर एकेक वीट जमिनीच्या पातळीत पुरून ठेवा. पाऊस उघडला की सुतळी ताणून दहा मिनिटांत पुन्हा आखणी होते. खिळे ठोकू नका.

जागाच नसेल तर? शहरातल्या जुन्या पेठांत आणि पूर्व भागात हा खरा प्रश्न आहे. शाळेत मैदान नसेल तर जवळच्या मैदानात किंवा बागेत मुलांना खेळता येईल अशी सोय करावी, असं केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत आहे. महापालिकेचं मैदान किंवा शेजारच्या मोठ्या शाळेचं मैदान आठवड्यातले ठरावीक तास मागा. लेखी पत्र, लेखी उत्तर, पालकांची संमती, आणि रस्ता ओलांडताना पुढे-मागे एकेक शिक्षक. जाण्या-येण्यात पंधरा मिनिटं जात असतील तर त्या दिवशी जोड तास घ्या. बाकीचे दिवस अंगणात दोरीउड्या, लंगडी, योगासनं, लेझीम. लेझमीला चाळीस मुलांना किती थोडी जागा लागते ते एकदा करून बघा.

साहित्य

समग्र शिक्षा या केंद्राच्या शालेय योजनेच्या निकषांत शासकीय शाळांना वर्षाला क्रीडासाहित्यासाठी प्राथमिकला ५,०००, उच्च प्राथमिकला १०,००० आणि माध्यमिक-उच्च माध्यमिकला २५,००० रुपयांपर्यंत तरतूद आहे. यातून क्रिकेटचं किट घेऊ नका, असं मी प्रत्येकाला सांगतो. चाळीस मुलांत दोघं खेळतात, एक टाकतो, बाकीचे उन्हात उभे. त्यापेक्षा वीस दोरीउड्या, सहा चेंडू, रिंगा, ३० मीटरची टेप, दोन स्टॉपवॉच, वजनकाटा, शिट्ट्या आणि प्रथमोपचार पेटी घ्या. टेप, स्टॉपवॉच आणि काटा यांच्याशिवाय चाचणी होत नाही, आणि नेमक्या याच गोष्टी खरेदीच्या यादीत नसतात.

सोलापुरात काही गोष्टी विकत घ्यायची गरजच नाही. यंत्रमाग कारखान्यातले सुताचे रिकामे कागदी कोन मागितले तर सहज मिळतात. रंग दिला की मैदानावर खुणेला उत्तम. टॉवेलच्या चिंध्यांच्या छोट्या पिशव्या शिवून घ्या आणि झेलायला-फेकायला वापरा. आत वाळू भरा. ज्वारी भरली तर उंदीर आधी खेळतील.

जुलै: पहिली चाचणी

पहिला आठवडा वर्ग सुरळीत होण्यात जातो. त्यानंतर खेलो इंडिया या केंद्राच्या क्रीडा कार्यक्रमातल्या शालेय तंदुरुस्ती चाचण्या घ्या. त्या दोन गटांत आहेत, आणि साध्या सामानावर होतात.

पहिली ते तिसरीसाठी तीन: उंची-वजनावरून बीएमआय, फ्लेमिंगो तोल आणि प्लेट टॅपिंग. फ्लेमिंगोसाठी ५० सेंटिमीटर लांब, ५ उंच आणि ३ रुंद अशी पट्टी लागते. सुताराकडून लाकडात करून घ्या, खाली दोन आडव्या पट्ट्या म्हणजे ती हलत नाही. मूल एका पायावर उभं राहतं, दुसरा पाय मागे दुमडून हाताने धरतं. ६० सेकंदांत किती वेळा तोल गेला ते मोजायचं. तोल गेला की घड्याळ थांबवायचं, पुन्हा उभं राहिलं की चालू. पहिल्या ३० सेकंदांतच पंधरा वेळा गेला तर चाचणी तिथेच थांबते. प्लेट टॅपिंगला बाकावर २० सेंटिमीटर व्यासाची दोन वर्तुळं, केंद्रांमध्ये ६० सेंटिमीटर अंतर, मध्ये एक आयत. एक हात आयतावर ठेवून दुसऱ्या हाताने दोन्ही वर्तुळांना आलटून-पालटून २५ फेऱ्या, आणि लागलेला वेळ. बाक मुलाच्या कमरेच्या उंचीचा असू द्या, नाहीतर पहिलीची पोरं टाचा उंचावून करतात आणि वेळ उगीच वाढतो.

चौथीपासून बारावीपर्यंत बीएमआय, ५० मीटर धाव, ६०० मीटर धाव किंवा चाल, सिट अँड रीच (पाय सरळ ठेवून बसून पुढे वाकायची, लवचिकतेची चाचणी), ३० सेकंदांत अर्धे कर्ल-अप (पाठीवर झोपून अर्धं उठणं), आणि पुश-अप. मुलींसाठी गुडघे टेकून करायचे पुश-अप.

सगळं एका दिवशी उरकायला जाऊ नका. पहिल्या दिवशी उंची, वजन, लवचिकता. दुसऱ्या दिवशी ५० मीटर, कर्ल-अप, पुश-अप. ६०० मीटर स्वतंत्र दिवशी, सकाळी साडेआठच्या आत.

या ६०० मीटरचं जरा सविस्तर. मैदानावर कोन ठेवून ३० बाय २० चा आयत केला तर एक फेरी १०० मीटरची, सहा फेऱ्यांत काम होतं. जागा फक्त १५ बाय १० असेल तर फेरी ५० मीटरची आणि बारा फेऱ्या, पण इतक्या वळणांत वेळ वाढतो. म्हणून वहीत फेरीची लांबी लिहून ठेवा, आणि फेब्रुवारीत दुसरी चाचणी त्याच आखणीवर घ्या. तरच दोन्ही चाचण्यांतला वेळ ताडून बघता येतो. मुलं कोनाच्या आतून वळतात, त्यामुळे चारही कोपऱ्यांवर एकेक मूल उभं करा. एका वेळी दहा धावपटू, प्रत्येकाला फेऱ्या मोजणारा एक जोडीदार. जोडीदार वाळूत काडीने रेघा मारतो, हे सगळ्यात बिनचूक. चालत पूर्ण केलं तरी चालतं, हे सुरुवातीलाच सांगा. दमा, हृदयाचा त्रास, नुकताच ताप येऊन गेलेली मुलं यांना थांबवा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा शाळेत तपासणीला येतं. त्यांनी काढलेली नावं या यादीशेजारी हवीत. पाणी टाकीत आहे ना, हे आदल्या दिवशी बघा. शहरात नळाला रोज पाणी येत नाही, आणि चाचणीच्या दिवशी नेमकी टाकी रिकामी असते.

बीएमआय म्हणजे किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग. उंची १४० सेंटिमीटर, वजन ३० किलो तर ३० भागिले १.९६, म्हणजे १५.३. याला मोठ्या माणसांचा १८.५ चा निकष लावून "कुपोषित" लिहू नका. मुलांचा बीएमआय वय आणि मुलगा-मुलगी यांप्रमाणे तक्त्यात बघायचा असतो. वजन मोठ्याने पुकारायचं नाही. काटा पडद्यामागे किंवा खोलीत ठेवा, एक-एक मूल आत, आकडा थेट वहीत. लठ्ठ पोराला वर्षभर काट्यावरच्या आकड्याने हाक मारलेली मी ऐकली आहे, आणि ते पोर नंतर मैदानाकडे फिरकत नाही.

सिट अँड रीचच्या पेटीवर तळव्याची रेघ कितव्या सेंटिमीटरवर आहे, तेही वहीच्या पहिल्या पानावर. पेटी बदलली की सगळे आकडे सरकतात.

चाचणीवरून आखणी

इथे बहुतेक शाळा थांबतात. आकडे खेलो इंडियाच्या ॲपवर चढतात आणि विषय मिटतो. वास्तविक प्रत्येक तुकडीकडे बघून एकच प्रश्न विचारायचा: कोणत्या चाचणीत निम्म्याहून जास्त मुलं खालच्या पातळीवर आहेत? लवचिकता असेल तर परिपाठात आसनं वाढवा. ६०० मीटर असेल तर तासाच्या मुख्य भागात न थांबता पळायचे खेळ घ्या. कर्ल-अप असेल तर आठवड्यातून दोनदा पोटाचे व्यायाम.

तासाची रचना साधी: पाच मिनिटं अंग मोकळं करणं, वीस-बावीस मिनिटं मुख्य खेळ, शेवटी पाच-सात मिनिटं शांत होणं आणि साहित्य जागेवर. मोजायचं ते एकच, की एक मूल किती वेळ खरंच हलतंय.

खो-खोचंच उदाहरण घ्या. आपल्या जिल्ह्याचं खो-खोशी जुनं नातं, वेळापूरचं नाव तर सगळीकडे माहीत. पण पूर्ण नियमाचा खो-खो वर्गाच्या तासाला वाईट. नऊ जणांच्या संघात आठ जण बसलेले, पळणारे तीन, आणि बाकीचा वर्ग कडेला आपल्या पाळीची वाट बघत. त्याऐवजी अंगणाच्या लांबीत तीन छोट्या गल्ल्या करा, प्रत्येकीत चार चौक, दोन टोकांना खांबांऐवजी कोन. चार बसलेले, एक पाठलाग करणारा, दोन पळणारे. दोन मिनिटांनी शिट्टी, जागा बदला. एका वेळी एकवीस मुलं खेळात. उरलेली दोरीवर, पाच मिनिटांनी अदलाबदल. पोरं घामाघूम होतात आणि खो द्यायचा हातही बसतो. पूर्ण खेळ शनिवारी.

आठवी-नववीच्या मुली "बरं नाही" म्हणून झाडाखाली बसतात. सरसकट सूट देऊ नका, सरसकट ओरडूही नका. गणवेशाखाली ट्रॅक पँट किंवा सलवारची परवानगी, बाईंपैकी कुणीतरी मैदानावर हजर, आणि नको त्या दिवशी गुण लिहिण्याचं किंवा पंचाचं काम. एवढ्यावर झाडाखालची गर्दी बरीच ओसरते. दिव्यांग मुलांसाठी वेगळा खेळ शोधत बसण्यापेक्षा त्याच खेळाचा नियम बदला: अंतर कमी, चेंडू मोठा, जोडीदार सोबत.

नोंदी, दिनविशेष आणि अर्ज

एका फाइलीत सहा गोष्टी पुरतात: वेळापत्रक, बदली तासांची वही, मैदानाचं मोजमाप आणि आखणीचा नकाशा, साहित्याची नोंदवही (देवघेवीसह), चाचणीची वही, आणि तारखेसह फोटो. फोटोत मुलं खेळताना दिसू द्या, मान्यवर नारळ फोडताना नव्हे.

दिवस पाळायचे ते असे: २१ जून योगदिन, २९ ऑगस्ट राष्ट्रीय क्रीडादिन, नोव्हेंबर-डिसेंबरच्या सुमाराला फिट इंडिया सप्ताह, रथसप्तमीला सूर्यनमस्कार. १५ जानेवारी हा खाशाबा जाधवांचा जन्मदिवस राज्य क्रीडादिन आहे, पण सोलापूर शहरात त्याच सुमाराला गड्ड्याची, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेची, धामधूम असते आणि अर्धी शाळा होम मैदानावर. कार्यक्रम त्या आठवड्याच्या आधी किंवा नंतर घ्या आणि अहवालात तसं लिहा. पंढरपूरकरांनी आषाढीचे दिवस वगळूनच जुलैची चाचणी ठरवावी.

शालेय स्पर्धांचे गट १४, १७ आणि १९ वर्षांखालील. तालुका किंवा मनपा, मग जिल्हा, मग पुणे विभाग, मग राज्य, अशी चढण. प्रवेशिका जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाच्या वेळापत्रकाप्रमाणे जातात, आणि मुलं बाद होतात ती खेळाने नव्हे, जन्मतारखेच्या घोळाने. जूनमध्येच जनरल रजिस्टर, जन्मदाखला आणि आधार यांतली नाव-तारीख जुळवून घ्या. आधारवरची दुरुस्ती ऐन स्पर्धेच्या आठवड्यात होत नाही.

फिट इंडियाचा अर्ज ऑनलाइन, शाळेने स्वतः करायचा. आधी फ्लॅग, मग थ्री स्टार. थ्री स्टारला दोन प्रशिक्षित शिक्षक, चार खेळांची सोय आणि प्रत्येक मुलाला दोन खेळ येणं अपेक्षित आहे. त्यातला एक लंगडी, लगोरी, आट्यापाट्या असा देशी घेतला की खर्चही होत नाही. फाइव्ह स्टारला वार्षिक चाचणी, दरमहा आंतरवर्गीय सामने आणि शाळेनंतर मैदान वस्तीसाठी खुलं ठेवणं येतं. शेवटची अट घाईने मान्य करू नका. कुलूप कुणाकडे आणि सकाळी काचा कोण झाडणार, हे व्यवस्थापन समितीत ठरल्यावरच होकार द्या.

फेब्रुवारीत, ऊन चढायच्या आत, दुसरी चाचणी. जुलैचा आणि आताचा आकडा शेजारी-शेजारी प्रगतिपुस्तकाच्या वर्णनात्मक नोंदीत लिहा: "६०० मीटरला वेळ कमी झाला, लवचिकता तशीच." "खेळात रस घेतो" हे वाक्य चाळीस मुलांना चिकटवण्यापेक्षा पालकांना यातून काहीतरी कळतं.

मे महिन्यात जिल्हा परिषदेच्या शाळांत बदल्या होतात. नवे गुरुजी येतात तेव्हा कपाटात चेंडू सापडतात, वही सापडत नाही. पदभाराच्या यादीत चाचणीची वही, टेप, स्टॉपवॉच आणि फ्लेमिंगोची पट्टी नावाने लिहा आणि सही घेऊनच द्या.